नाकावरचा वळ

२०२० सालच्या सुरुवातीच्या महिन्यांत जगभरच्या वृत्तपत्रांतून एकाच तऱ्हेची छायाचित्रे छापून येत होती. कोविडच्या कक्षात आठ-दहा तास काम करून बाहेर पडलेली एखादी परिचारिका किंवा डॉक्टर, नुकताच काढलेला मास्क, आणि गालांवर व नाकावर उमटलेले लाल-जांभळे वळ. कित्येकांच्या नाकाच्या हाडावरची कातडी सोलवटलेली असे. आधी चीनमधून, मग इटलीतून आणि थोड्याच दिवसांत आपल्याकडूनही अशी छायाचित्रे आली.

आता विचार करा. एन ९५ या प्रकारच्या मास्कचे वजन जेमतेम दहा ग्रॅमच्या आसपास असते. तो हाताने सहज चुरगाळता येतो. त्याला ना धार, ना टोक. मग एवढ्या हलक्या वस्तूने माणसाच्या चेहऱ्याला जखम कशी व्हावी? आणि ती होते हे ठाऊक असताना मास्क थोडा सैल का बांधू नये?

या दोन प्रश्नांची उत्तरे शोधायला निघालो की वाटेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र तिन्ही भेटतात. शिवाय एक गोष्ट ध्यानात येते. मास्कचा जो गुण माणसाला वाचवतो, नेमका तोच गुण त्याच्या त्वचेला दुखावतो.

आपला जन्मजात मास्क

मास्कचे काम काय? बाहेरचे घातक कण आत येऊ न देणे. हेच काम आपल्या शरीरात जन्मापासून कोण करते? त्वचा. प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ दीड ते दोन चौरस मीटर असते. तिचे दोन मुख्य थर आहेत. वरची ती बाह्यत्वचा आणि खालची ती अंतस्त्वचा. अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोके, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळे आणि तेल स्रवणाऱ्या ग्रंथी असतात. बाह्यत्वचेत रक्तवाहिनी एकही नसते. वरवर खरचटले तर रक्त येत नाही, ते यामुळेच.

बाह्यत्वचेचाही जो अगदी वरचा भाग, त्याला शृंगस्तर म्हणतात. शृंग म्हणजे शिंग. गाईचे शिंग आणि आपली नखे ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाने बनलेली असतात, तेच या थरात भरलेले असते. शृंगस्तरात मृत व चपट्या पेशींचे साधारण पंधरा ते वीस थर असतात, पण त्या साऱ्यांची मिळून जाडी चेहऱ्यावर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमीच भरते. तुमच्या वहीचा कागद याच्या पाचपट तरी जाड असतो!

एवढा पातळ थर संरक्षण कसे करतो? विटांची भिंत डोळ्यांसमोर आणा. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्या मधल्या फटी भरून काढणारा स्निग्ध पदार्थांचा थर हा चुना. या चुन्यात सिरॅमाइडे, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले असतात. त्यामुळे आतले पाणी सहजासहजी बाहेर जात नाही आणि बाहेरचे जंतू व रसायने सहजासहजी आत येत नाहीत. भिंतीच्या वरच्या विटा रोज झडतात आणि खालून नव्या तयार होऊन वर येतात. बाह्यत्वचेच्या तळाशी जन्मलेल्या पेशीला वर येऊन झडून जायला साधारण चार आठवडे लागतात.

आणखी एक गोष्ट. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू ५ च्या आसपास असतो. पुष्कळशा उपद्रवी जंतूंना हा आंबटपणा मानवत नाही. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. सारखा साबण लावला की हा आंबटपणा काही काळ जातो आणि विटांमधला चुनाही धुपतो.

तेव्हा परिचारिका जेव्हा मास्क लावते, तेव्हा खरे पाहता एका मास्कवर दुसरा मास्क चढत असतो. खालचा जिवंत, वरचा कारखान्यात बनलेला.

घट्टपणाचा आग्रह कशासाठी?

१९१० सालच्या अखेरीस ईशान्य चीनमधील मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची भयंकर साथ पसरली. मलायातील पिनांग येथे जन्मलेले आणि केंब्रिजला शिकलेले तरुण डॉक्टर वू ल्येन-तेह यांना चीनच्या सरकारने हार्बिन शहरी पाठवले. हा रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे नव्हे, तर रोग्याच्या खोकल्यातून उडणाऱ्या तुषारांमुळे माणसाकडून माणसाकडे जात आहे, असे त्यांनी ओळखले. त्यांनी जाळीदार कापडाच्या घड्यांमध्ये कापूस घालून, डोक्यामागे घट्ट बांधता येईल असा मास्क तयार करवला. मेनी नावाच्या एका अनुभवी फ्रेंच डॉक्टरांना हे म्हणणे पटले नाही. त्यांनी मास्कशिवाय रोगी तपासले आणि १९११ च्या जानेवारीत काही दिवसांतच ते प्लेगने दगावले. त्यानंतर हार्बिनमध्ये मास्कबद्दल वाद घालणारे फारसे उरले नाहीत.

आजचा एन ९५ मास्क कापसाचा नसतो. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक वितळवून, हवेच्या जोरदार झोताने त्याचे केसाहून कितीतरी बारीक तंतू काढतात आणि त्यांचा न विणलेला थर बनवतात. या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तसे हे तंतू हवेतले सूक्ष्म कण ओढून धरतात. म्हणून श्वास फारसा न कोंडता कण अडतात. मिलिमीटरच्या सुमारे तीन-दहाहजारांश आकाराचे कण गाळणे सर्वांत अवघड असते. तसले कणही निदान ९५ टक्के अडले पाहिजेत, अशी कसोटी आहे. नावातला ९५ हा आकडा तिथून आला.

पण गाळणी कितीही उत्तम असली तरी तिच्या कडेला फट राहिली तर काय उपयोग? पाणी जसे उताराकडे धावते, तशी हवा कमी अडथळ्याच्या वाटेने जाते. गाळणीच्या दाट तंतूंतून जाण्यापेक्षा नाकाशेजारच्या फटीतून जाणे हवेला सोपे. म्हणून एन ९५ ची कड चेहऱ्याला सगळीकडून चिकटून बसलीच पाहिजे. त्यासाठी त्याला दोन ताणपट्ट्या असतात. एक डोक्याच्या वरच्या बाजूने आणि दुसरी मानेमागून. नाकावर दाबून बसवायची धातूची मऊ पट्टीही असते. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात तो साधा मास्क मात्र सैल असतो. तो मुख्यतः लावणाऱ्याचे तुषार दुसऱ्यावर उडू नयेत यासाठी असतो.

मास्क सैल का बांधू नये, याचे उत्तर हे असे आहे. आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे जखमेकडे वळू.

पहिला गुन्हेगार : दाब

एक सोपा प्रयोग करून पाहा. पारदर्शक प्लास्टिकची मोजपट्टी घ्या आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर आडवी धरून बोटाने दाबा. पट्टीतून पाहिलेत तर खालची त्वचा फिकी पडलेली दिसेल. पट्टी उचला. दोनेक सेकंदांत रंग परत येईल. नख दाबून सोडले तरी हेच दिसते.

झाले काय? त्वचेतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या, म्हणजे केशवाहिन्या, दाबाने मिटल्या आणि त्यांतले रक्त बाजूला सरले. दाब जाताच ते परतले. या केशवाहिन्यांमध्ये रक्ताचा दाब किती असतो? लँडिस या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९३० मध्ये नखाच्या बुडाशी असलेल्या केशवाहिन्यांत काचेची अतिसूक्ष्म नळी घालून तो प्रत्यक्ष मोजला. केशवाहिनीच्या रोहिणीकडील टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा इतका भरला.

हा दाब आपल्या ओळखीच्या मापात आणू. पाऱ्याच्या एका घन सेंटीमीटरचे वस्तुमान १३·६ ग्रॅम असते. ३२ मिलिमीटर म्हणजे ३·२ सेंटीमीटर.

३·२ × १३·६ = सुमारे ४३·५

म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर सुमारे ४३ ग्रॅम, जवळजवळ एका लिंबाचे वजन, ठेवले की त्या जागच्या केशवाहिन्या मिटू लागण्याची वेळ येते. प्रत्यक्षात हा आकडा माणसागणिक आणि जागेगणिक बदलतो, आणि दाब किती वेळ राहिला यालाही तेवढेच महत्त्व असते. पण अंदाज बांधायला तो पुरेसा आहे.

आता तुम्ही शाळेत शिकलेले सूत्र आठवा. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा, मास्कच्या पट्ट्या त्याला चेहऱ्याकडे एकूण ३०० ग्रॅम वजनाइतक्या बलाने ओढतात, आणि मास्कची कड चेहऱ्याच्या ३० चौरस सेंटीमीटर जागेवर टेकते. हे बल सगळीकडे सारखे वाटले गेले, तर दर चौरस सेंटीमीटरवर फक्त १० ग्रॅम येतील. त्याने काहीच बिघडणार नाही. पण चेहरा काही सपाट पाट नव्हे! नाकाचे हाड पुढे आलेले असते. समजा, त्या हाडावरच्या २ चौरस सेंटीमीटरवरच १०० ग्रॅम पडले, तर तिथे दर चौरस सेंटीमीटरवर ५० ग्रॅम झाले, म्हणजे आपल्या लिंबाहून जास्त. शिवाय गालावर कातडीखाली चरबीची मऊ गादी असते, ती दाब पसरवते. नाकाच्या हाडावर अशी गादी जवळजवळ नसतेच. वर मास्क आणि खाली हाड, यांच्या मध्ये त्वचा सापडते, जशी अडकित्त्यात सुपारी.

थोडा वेळ रक्त अडले तर त्वचा ते सोसते. दाब निघाला की त्या जागी नेहमीपेक्षा जास्त रक्त धावून येते आणि ती लाल होते. चष्म्याचे किंवा दप्तराच्या पट्ट्याचे वळ असेच उमटतात आणि थोड्या वेळात विरतात. पण रक्त तासन् तास अडले की पेशींना प्राणवायू मिळत नाही, टाकाऊ पदार्थ साठतात आणि पेशी मरू लागतात. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याच्या पाठीवर जी शय्याव्रणे होतात, त्यांचे कारण हेच. मास्कखालचे व्रण हे शय्याव्रणांचेच धाकटे भावंड म्हणायचे.

साधा वळ कोणता आणि धोक्याचा कोणता, हे कसे ओळखावे? आपला मोजपट्टीचा प्रयोग इथे कामी येतो. लाल जागेवर दाब दिल्यावर ती फिकी पडत असेल, तर रक्त वाहते आहे. ती फिकी न पडता लालच राहिली, तर दाबाच्या इजेची पहिली पायरी गाठली गेली, असे डॉक्टर समजतात. सावळ्या त्वचेवर मात्र ही लाली आणि फिकेपणा नीट दिसत नाही. तिथे ती जागा गरम, टणक किंवा दुखरी लागते का, ते हाताने पाहावे लागते.

दुसरा गुन्हेगार : ओलावा

आपण उच्छ्वासाने जी हवा सोडतो, ती ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास उबदार आणि पाण्याच्या वाफेने जवळजवळ भरलेली असते. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ३५ ग्रॅम पाणी असते. माणूस हलके काम करताना मिनिटाला ८ लिटर हवा सोडतो असे धरू.

८ × ६० × ६ = २८८० लिटर

सहा तासांत जवळजवळ २·९ घनमीटर हवा झाली. तिच्यात २·९ × ३५, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम पाणी! यातले काही पाणी खोलीतल्या हवेबरोबर आत आलेले असते आणि बरेचसे मास्कमधून पार होऊन जाते. पण अर्धा पेला पाणी वाफेच्या रूपाने नाका-तोंडाच्या जागेतून जाते म्हटल्यावर तिथली त्वचा कोरडी राहील कशी? त्यात घामाची भर. मुंबईसारख्या ठिकाणी मे महिन्यात बाहेरची हवाच दमट असते. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, त्याच कारणाने मास्कखालचा घामही वाळत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात आपल्याकडच्या आरोग्यसेवकांनी मास्कवर पूर्ण अंगाचा हवाबंद पोशाख आणि चेहऱ्यापुढे ढाल लावून काम केले. त्यांचे काय झाले असेल, याची कल्पना करा.

बोटाला दोन दिवस चिकटपट्टी लावून काढली, की खालची त्वचा पांढरट आणि लिबलिबीत झालेली तुम्ही पाहिली असेल. शृंगस्तर पाणी शोषून फुगतो, विटा आणि चुना यांची पकड ढिली होते आणि भिंत कमकुवत होते. अशी फुगलेली त्वचा थोड्याशा घासण्यानेही सोलली जाते.

आणि घासणेही वाढतेच. अंघोळ करून अंग नीट न पुसता सदरा घालून पाहा. तो पाठीला चिकटतो, सरकता सरकत नाही. कोरड्या त्वचेपेक्षा ओलसर त्वचेवर घर्षण जास्त असते. बोलताना जबडा हलतो, मान वळते, त्याबरोबर मास्कची कड जरा जरा सरकू पाहते. कड सरकली नाही, तर खालची त्वचाच ओढली जाते. म्हणजे दाब, ओलावा आणि घर्षण हे तिघे एकमेकांना साथ देतात. एकट्यादुकट्याला त्वचा पुरून उरली असती, पण तिघांपुढे तिचे चालत नाही.

यात एक विरोधाभासही आहे. मास्कखाली तासन् तास भिजलेली त्वचा मास्क काढल्यावर उलट कोरडी पडते, ताणल्यासारखी वाटते आणि तिची सालपटे निघतात. असे का? भिंतीचा चुना धुपला की आतले पाणी बाहेर उडून जाऊ लागते. बाहेरून पाणी मिळाले म्हणजे त्वचा ओलसर राहील, असे नव्हे. आतले पाणी धरून ठेवण्याची शक्ती टिकली पाहिजे.

मुरूम, खाज आणि ताणपट्टी

चेहऱ्यावर तेलग्रंथींची दाटी असते. तापमान वाढले की त्यांचे काम वाढते. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश संशोधनात असे आढळले, की त्वचेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले तर तेलाचा स्राव सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. मास्कखालची उबदार जागा म्हणजे तेलग्रंथींना आमंत्रणच. इकडे पाण्याने फुगलेल्या पेशींनी तेलाचे तोंड बुजते. कोंडलेल्या तेलात एरवी गुण्यागोविंदाने राहणारे जंतू वाढतात, दाह होतो आणि मुरूम उठतात. तुमच्या वयात मुरमांचा अनुभव नवा नसेल. पण तिशी-चाळिशीच्या परिचारिकांनाही पुन्हा मुरूम येऊ लागले, त्याचे कारण हे.

काही थोड्या जणांना मात्र निराळाच त्रास होतो, तो म्हणजे अ‍ॅलर्जी. ताणपट्टीतले रबर टिकाऊ करण्यासाठी वापरलेली रसायने, नाकाशी लावलेला फोम, चिकटवण्याचे द्रव्य किंवा कापडात उरलेला फॉर्माल्डिहाइडचा अंश यांपैकी एखाद्या पदार्थाला त्या माणसाची प्रतिकारयंत्रणा शत्रू समजते. मग पट्टी जिथून जाते नेमकी त्याच रेषेत खाज, पुरळ आणि लहान फोड दिसतात. दाबाने आणि ओलाव्याने होणारा त्रास कोणालाही होऊ शकतो; अ‍ॅलर्जी फक्त त्या पदार्थाशी वैर असलेल्यालाच. हा फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारात विश्रांती आणि निगा पुरते, दुसऱ्या प्रकारात मास्कची जातच बदलावी लागते. संशय आला तर त्वचारोगतज्ज्ञ संशयित पदार्थांच्या चिकट्या पाठीवर दोन दिवस लावून ठेवतात, आणि काढल्यावर व पुन्हा दोनेक दिवसांनी त्वचा तपासून दोषी पदार्थ शोधतात.

आकडे काय सांगतात?

हा त्रास किती जणांना होतो? पहिली मोठी नोंद सार्स या रोगाच्या साथीनंतर झाली. २००३ मध्ये सिंगापुरात २३८ जणांना सार्स झाला आणि ३३ जण मरण पावले. आरोग्यसेवकांना रोज तासन् तास एन ९५ लावावा लागला. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी नंतर डॉक्टर व परिचारिकांना प्रश्नावली देऊन विचारणा केली. मास्क नियमित वापरणाऱ्या ३०७ जणांपैकी १०९ जणांनी, म्हणजे सुमारे ३५ टक्क्यांनी, त्रास झाल्याचे सांगितले. या १०९ जणांत मुरूम आलेले सुमारे ६० टक्के, चेहऱ्याला खाज सुटलेले ५१ टक्के आणि पुरळ उठलेले ३६ टक्के होते. या टक्क्यांची बेरीज शंभराहून जास्त का होते, ते ओळखा पाहू! एकाच माणसाला दोन-तीन त्रास एकदम होऊ शकतात, म्हणून.

सतरा वर्षांनी, २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत, चीनमधील हूबे प्रांताच्या मोठ्या रुग्णालयांत अशीच पाहणी झाली. कोविडच्या रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या ७०० जणांना प्रश्नावली पाठवली, ५४२ जणांनी उत्तरे दिली. त्यांपैकी ९७ टक्के लोकांच्या त्वचेला संरक्षक साधनांमुळे किंवा हात धुण्यामुळे काही ना काही इजा झाली होती. सर्वांत जास्त त्रास नाकाच्या हाडाला झाला होता, सुमारे ८३ टक्के जणांना. आपले दाबाचे गणित आठवते ना? एन ९५ सहा तासांहून अधिक वेळ लावणाऱ्यांच्या चेहऱ्याला इजेचा धोका जास्त दिसला. दिवसात दहाहून अधिक वेळा हात धुणाऱ्यांच्या हातांना जास्त त्रास झाला होता.

मग एकीकडे ३५ टक्के आणि दुसरीकडे ९७ टक्के, हे कसे? दोन्ही पाहण्या एकसारख्या नव्हत्या. एकीत फक्त मास्कचा त्रास मोजला, दुसरीत चष्मे, हातमोजे आणि हात धुणे यांचाही. कामाचे तास आणि साधने वेगळी होती. शिवाय ही माहिती लोकांनी स्वतः सांगितलेली आहे, आणि ज्याला त्रास झाला तो उत्तर पाठवायला अधिक उत्सुक असतो. म्हणून दोन आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी कोणाला विचारले, काय विचारले आणि किती जणांनी उत्तर दिले, हे तीन प्रश्न नेहमी विचारावेत. मास्कखालची त्वचा दुखावते आणि वेळ वाढला की जास्त दुखावते, ही गोष्ट मात्र नक्की.

लहान जखम, मोठा धोका

तुम्ही म्हणाल, माणसे मरत असताना नाकावरच्या वळाचे काय कौतुक? पण जरा पुढे विचार करा. जागा खाजते, ठणकते, म्हणून नकळत हात मास्ककडे जातो. कोविडच्या कक्षात त्या हाताला जंतू लागलेले असू शकतात. किंवा कळ असह्य झाली म्हणून पट्टी जराशी सैल केली जाते आणि नाकाशेजारी फट पडते. सोललेली त्वचा म्हणजे तर भिंतीला पडलेले भगदाडच. वरचा मास्क सैल, खालचा मास्क फाटलेला. ज्या माणसावर वीस रोग्यांची जबाबदारी आहे, तोच असा उघडा पडतो. २००३ च्या सार्सच्या साथीत जगभर आजारी पडलेल्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा आरोग्यसेवकांचा होता, हे विसरून चालणार नाही.

म्हणून त्वचेची निगा हा नटण्यामुरडण्याचा भाग नाही. तो संरक्षणाचाच भाग आहे. कामावर जाण्याआधी चेहरा सौम्य द्रव्याने धुऊन, त्वचेला ओल धरून ठेवणारे मलम पातळसर लावावे आणि ते जिरायला निदान अर्धा तास द्यावा. ऐन वेळी लावलेल्या तेलकट मलमाने मास्क सरकतो. मास्क योग्य मापाचा घ्यावा. पट्टी करकचून आवळल्याने चुकीच्या मापाचा मास्क योग्य होत नाही, फक्त वळ खोल जातो. दर दोन तासांनी सुरक्षित जागी जाऊन, हात स्वच्छ करून, मास्क पंधरा मिनिटे उतरवता आला तर केशवाहिन्यांना पुन्हा रक्त मिळते. काम संपल्यावर चेहरा घासू नये, हलक्या हाताने टिपून कोरडा करावा. फोड आले किंवा जखम वाहू लागली, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे.

नाकावर मऊ पट्टी चिकटवून वर मास्क लावावा, असे सहज सुचते. पातळ पट्टीने दाब पसरतो हे खरे. पण तिच्या सुरकुतीतून हवा गळू लागली तर? म्हणून पट्टी लावली की कडेने हवा जाते का, याची चाचणी पुन्हा करावीच लागते.

दर दोन तासांनी विश्रांती हा उपाय वाचायला सोपा आहे. २०२० च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संरक्षक साधनांच्या तुटवड्याचा इशारा दिला होता. एकदा काढलेला संच पुन्हा वापरता येत नाही आणि दुसरा मिळेलच याची खात्री नाही, अशा वेळी अनेक आरोग्यसेवक पाणीही न पिता पूर्ण पाळीभर तो अंगावर ठेवत. म्हणजे नाकावरच्या वळाला केवळ दाब आणि ओलावा जबाबदार नव्हते. मास्कची संख्या, माणसांची संख्या आणि पाळीचे तास हीही त्याची कारणे होती. त्यांवर मलम चालत नाही, तिथे व्यवस्थाच सुधारावी लागते.

कोणाच्या चेहऱ्याचे माप?

शेवटी एक प्रश्न उरतो. मास्क बनवणारे चेहऱ्याचे माप घेतात कोणाचे? अमेरिकेत अशा मास्कच्या चाचणीसाठी कित्येक वर्षे जे कोष्टक वापरले जाई, ते १९६७-६८ च्या सुमारास तिथल्या हवाई दलातील माणसांच्या घेतलेल्या मापांवरून केलेले होते. जगातल्या आरोग्यसेवकांत मात्र सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत. चेहरे देशोदेशी वेगळे, नाकाची ठेवण वेगळी. २००३ साली मास्क वापरणाऱ्या सुमारे चार हजार अमेरिकन कामगारांची मापे नव्याने घेतली गेली आणि कोष्टक सुधारले. त्यात दोनच मापे मुख्य धरली आहेत. नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या टोकापर्यंतची चेहऱ्याची लांबी, आणि दोन गालफडांच्या हाडांमधली रुंदी. त्या कोष्टकात लांबी सुमारे ९८ ते १३९ मिलिमीटर आणि रुंदी सुमारे १२० ते १५९ मिलिमीटर या मर्यादेत धरली आहे.

हा उद्योग तुम्हालाही वर्गात करता येईल. वर्गातल्या वीस-पंचवीस मुलामुलींची ही दोन मापे घ्या. रुंदी मोजताना दोन्ही गालांना दोन वह्या उभ्या टेकवा आणि त्यांच्या मधले अंतर मोजपट्टीने मोजा. कर्कटकाचे टोक चेहऱ्याजवळ नेऊ नका. मग आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर रुंदी आणि उभ्या अक्षावर लांबी घेऊन प्रत्येकासाठी एक बिंदू मांडा. तुमचे वय वाढीचे आहे, त्यामुळे काही बिंदू मर्यादेबाहेर पडतील. पण ते किती विखुरले आहेत, ते पाहा. आता पेन्सिलीने एक चौकोन असा काढा, की एकाच मापाचा मास्क त्यातल्या साऱ्यांना बसेल असे तुम्हाला वाटते. चौकोनाबाहेर किती जण राहिले?

त्यांच्यापैकी कोणी उद्या परिचारिका किंवा डॉक्टर होईल. तिच्या मापाचा मास्क तोपर्यंत तयार असला पाहिजे.